वायफायचं कुलूप

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ईमेल आला होता. तपास करणाऱ्यांनी त्याचा माग काढला आणि तो माग येऊन थांबला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दाराशी. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. दहशतवादविरोधी पथक घरी आलं, संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशी अनेक दिवस चालली. ईमेल गेला होता त्यांच्या इंटरनेट जोडणीवरून, पण पाठवणारा दुसराच कोणी होता. त्याने बाहेरून त्यांचं वायफाय वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. सप्टेंबरात दिल्लीत स्फोट झाले, तेव्हा चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी रस्त्यारस्त्यावर फिरून उघडी पडलेली वायफाय शोधायला घेतली.

हे सगळं घडलं तेव्हा घरात वायफाय असणं ही थोड्यांची गोष्ट होती. आज गल्लीगल्लीत फायबरची वायर पोचली आहे. म्हणून या प्रकरणात मी तुम्हाला राउटर लावण्याबरोबरच त्याला कुलूप कसं घालायचं हेही सांगणार आहे. ही दोन कामं वेगळी नाहीत, हे मला माझ्या आत्याच्या घरी कळलं.

आत्याचं घर रत्नागिरीजवळ आहे. जुनं, जांभ्याच्या दीड फुटी भिंतींचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. गेल्या वर्षी तिने नेट घेतलं. जोडणी करायला आलेल्या मुलाने वायर जिथून आत आली तिथेच, ओटीवरच्या खिडकीत राउटर ठेवला आणि निघताना म्हणाला, “काकू, पासवर्ड म्हणून तुमचा मोबाईल नंबरच ठेवलाय. विसरायला नको.” चार दिवसांनी आत्याचा मला फोन. “अरे, स्वयंपाकघरात रेंजच नाही. नातीशी बोलायचं तर ओटीवर येऊन उभं राहावं लागतं.”

मी गेलो तेव्हा आधी फोन हातात घेऊन घरभर फिरलो. ओटीवर पूर्ण रेंज, माजघरात अर्धी, चुलीपाशी शून्य. मग अंगणातून बाहेर पडून रस्त्यापर्यंत गेलो. एसटीच्या थांब्यावर रेंज पूर्ण! घरातल्या माणसाला न मिळणारं नेट रस्त्यावरच्या माणसाला मिळत होतं. आणि कुंपणाला लावलेल्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं: ‘कोकम, आगळ, फणसपोळी मिळेल’. खाली आत्याचा मोबाईल नंबर. म्हणजे वायफायचा पासवर्ड फाटकावर टांगलेला होता. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, आत्याचीही चूक नव्हती. असं होऊ शकतं हे दोघांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

रेंजचं कोडं आधी सोडवू. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरींवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिल्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, दुसरीची ६ सेंटिमीटरच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर गर्दी फार, कारण शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, इतकंच काय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. आखूड लहर वेगवान, पण एकदोन भिंतींतच दमते. धातू दोन्ही लहरींना परतवून लावतो आणि पाणी त्यांना शोषून घेतं. म्हणून लोखंडी कपाट, आरशाचं कपाट, फ्रीज, पाण्याची टाकी, स्लॅबमधल्या सळ्या हे सगळे वायफायच्या वाटेतले अडथळे. पावसाळ्यात ओल धरलेली जांभ्याची भिंत तर त्याहून वाईट.

आम्ही राउटर माजघरात आणला, दाराच्या चौकटीच्या उंचीवर फळी ठोकून ठेवला. फायबरची बारीक वायर लांबवावी लागली. ती वळवताना मी आत्याच्या भाच्याला दोनदा थांबवलं, कारण त्या वायरीत काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश धावतो. काटकोनात मोडली की प्रकाश बाहेर सांडतो आणि डब्यावर ‘लॉस’ असं लिहिलेला लाल दिवा लुकलुकू लागतो. तो दिवा लाल असेल तर राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही उपयोग नाही. लाइनमनला बोलवा. अँटेना उभा ठेवला की लहरी आडव्या पसरतात, डोक्यावर आणि पायाखाली कमी जातात. घर दुमजली असेल तर एखादा अँटेना आडवा करून पाहावा.

तासाभरात स्वयंपाकघरात रेंज आली. पुन्हा एसटीच्या थांब्यावर जाऊन पाहिलं, तर तिथली रेंज एका काडीवर आली होती. जागा बदलल्याने घराचा फायदा झाला आणि रस्त्याचा तोटा. पण एक काडी म्हणजे कुलूप नव्हे. चांगला अँटेना असलेल्या माणसाला एक काडीही पुरते. लहरी कुठे थांबतील यावर आपला ताबा नसतो. आत कोण येईल यावर असतो, आणि तो पासवर्डने येतो.

पासवर्डात इतकं काय असतं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार छोटे निरोप होतात. त्यांत पासवर्ड उघडपणे बोलला जात नाही. दोघंही पासवर्डापासून एक गणित सोडवतात आणि उत्तरं जुळतात का ते पाहतात. मात्र हे निरोप हवेतून जातात, त्यामुळे रस्त्यावरचा माणूस ते टिपून घेऊ शकतो. मग त्याला तुमच्या घरापाशी थांबायची गरजच उरत नाही. तो आपल्या घरी जातो आणि संगणकाला सांगतो, हा पासवर्ड धरून गणित कर, जुळतंय का? नाही? मग हा धर. हे काम ग्राफिक कार्ड फार झपाट्याने करतं. एक दमदार कार्ड सेकंदाला साधारण १० लाख पासवर्ड तपासतं.

आता आत्याचा पासवर्ड घ्या. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण सेकंदाला १० लाख या वेगाने सगळे नंबर तपासायला ४,००० सेकंद लागतात. एक तास आणि सात मिनिटं. फाटकावरची पाटी न वाचताही!

ही नुसती कागदावरची आकडेमोड नाही. २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून स्वस्तातल्या उपकरणाने ५,००० वायफायची माहिती टिपली आणि घरी बसून त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. त्यांतल्या पुष्कळ घरांनी पासवर्ड म्हणून काय ठेवलं होतं? मोबाईल नंबर. विसरायला नको, म्हणूनच!

मग ठेवायचं काय? सोसायटीचं नाव, मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर हे सगळं बाद. आडनावापुढे १२३ लावणंही बाद. माझा सल्ला असा की एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्यावेत. शब्दकोश मधेच उघडून बोट ठेवावं, येईल तो शब्द घ्यावा, असं पाच वेळा करावं. समजा पत्रावळ, डोंगळा, किल्ली, मुरंबा, सावकार असे आले. ते इंग्रजी अक्षरांत सलग किंवा मधे आडवी रेघ देत लिहावेत. म्हण, अभंग, गाण्याची ओळ घेऊ नये, कारण त्यातला पुढचा शब्द मागच्यावरून कळतो.

पाचच का, याचंही गणित आहे. अगदी सोप्या २,००० शब्दांतून निवड केली असं धरू. चार शब्दांच्या शक्यता होतात १६ लाख कोटी. तोच वेग धरला तर सगळ्या तपासायला १८५ दिवस. दहा कार्डं एकत्र लावणाऱ्याला अठरा-एकोणीस दिवस पुरतील. पाचवा शब्द वाढवला की हेच काम एका कार्डाला १,००० वर्षांचं होतं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो, हा आणखी एक फायदा. वायफायच्या पासवर्डाला ६३ अक्षरांपर्यंत जागा असते आणि आपण आठ अक्षरांत आटोपतं घेतो. आत्याने आपले पाच शब्द स्वतः निवडले आणि तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहून ठेवले. पासवर्ड घरात कागदावर लिहिण्यात काही वावगं नाही. धोका रस्त्यावरच्या माणसाचा आहे, आणि तो तांदळाचा डबा उघडायला येत नाही.

आता दुसरा पासवर्ड. राउटरला दोन पासवर्ड असतात, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. एक वायफायला जोडून घेण्याचा, जो पाहुणे विचारतात. दुसरा राउटरच्या आतल्या पानाचा, जिथून सगळं बदलता येतं. राउटर उलटा करा. तळाला एक लेबल असतं, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि आतल्या पानाचं नाव-पासवर्ड छापलेलं असतं. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडून तो पत्ता टाका. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा येईल. एरवी, विशेषतः बँकेच्या पानावर, असा इशारा आला तर तिथूनच मागे फिरा. इथे मात्र तुम्ही आपल्याच घरातल्या डब्याशी बोलताय, म्हणून पुढे जायला हरकत नाही.

अनेक जुन्या राउटरवर आतल्या पानाचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असतो. कारखान्यातून निघालेल्या हजारो डब्यांना एकच किल्ली! २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने हेच हेरलं. कारखान्यात ठरवलेल्या नाव-पासवर्डांच्या साठ-एक जोड्या घेऊन तो इंटरनेटवर कॅमेरे आणि राउटर शोधत फिरला, लाखो उपकरणं त्याने ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने केलेल्या हल्ल्याने अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या संकेतस्थळांची वाट काही तास बंद पडली. ज्यांच्या घरातली उपकरणं त्या फौजेत होती त्यांतल्या फार थोड्यांना त्याचा पत्ता लागला असेल.

आतल्या पानावर ताबा गेला की काय होतं, हे ब्राझीलने आधीच सोसलं होतं. तुम्ही बँकेचं नाव टाइप करता तेव्हा त्या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणाला विचारायचा, हे राउटरमधल्या एका नोंदीवर ठरतं. २०११ मध्ये तिथल्या चोरांनी मोडेममधल्या त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेममधली ती नोंद बदलली. लोक पत्ता बरोबर टाकत होते आणि पोचत होते खोट्या पानांवर. तेव्हा आत गेलात की पहिलं काम हे, की आतल्या पानाचा पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवा. आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरच्या आत शिरायची सोय, सुरू असेल तर बंद करा.

मग वायफायच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ असं जिथे लिहिलंय तिथे या. या कुलपांच्या पिढ्या आहेत. सगळ्यात जुनं डब्ल्यूईपी. त्यातली खोट २००१ मध्ये उघड झाली आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटभराच्या आत उघडून दाखवलं. २००३ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. २००४ चं डब्ल्यूपीए-२ अजून टिकून आहे, अट एकच, पासवर्ड दणकट हवा. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं आणि त्याने वर सांगितलेली मेखच काढून टाकली. हवेतले निरोप टिपून घरी बसून तपासणी करणं त्यात शक्य नाही, प्रत्येक प्रयत्न तुमच्या राउटरशी समोरासमोर करावा लागतो. तुमच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर तेच निवडा. घरातला जुना टीव्ही जोडला जाईना, तर २ आणि ३ मिळून असलेला पर्याय घ्या. त्याहून मागे जाऊ नका.

तिथेच डब्ल्यूपीएस असं एक बटण दिसेल. पासवर्ड न टाकता, आठ आकड्यांच्या पिनने जोडण्याची ही सोय. आठवा आकडा केवळ पडताळणीचा असतो, तरी उरलेल्या सात आकड्यांच्या एक कोटी शक्यता व्हायला हव्यात. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे वेगळे. त्यामुळे शक्यता उरतात १०,००० आणि १,०००, मिळून फक्त ११,०००. ही गोष्ट २०११ च्या डिसेंबरात जगजाहीर झाली. ही सोय बंद करा. पाच शब्दांचं कुलूप घालून शेजारची खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही.

वायफायचं नाव लपवलं की झालं, असं काही जण सांगतात. त्याने फारसं साधत नाही. नाव लपवलं की तुमचा फोनच जाईल तिथे ‘अमुक वायफाय आहे का?’ असं विचारत फिरतो. ठराविक उपकरणांनाच परवानगी देणारी मॅक पत्त्यांची, म्हणजे उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची, यादीही तशीच, कारण ते पत्ते हवेत उघडे असतात आणि त्यांची नक्कल सहज होते. यात वेळ घालवू नका. नावाबाबत एवढंच पाळा, की त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका.

खरा अवघड प्रश्न पुढेच आहे. दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे शेजारची मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला येते, सुट्टीत भाचरं येतात, खालचे काका म्हणतात, “जरा वायफाय द्या हो.” नाही म्हणणं जिवावर येतं आणि म्हणूही नये. यासाठीच बहुतेक राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते ओटीसारखं आहे. ओटीवर कोणीही बसावं, चहा घ्यावा, पण माजघरात घरच्यांनीच जावं. गेस्टवरच्या फोनला नेट मिळतं, घरातला संगणक दिसत नाही. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. बऱ्याच फोनवर त्याचा क्यूआर कोड काढता येतो. आत्याने तो छापून ओटीवर लावलाय. स्मार्ट टीव्ही, कॅमेरे, वायफायवर चालणारे दिवे यांनाही मी गेस्टवरच ठेवतो, कारण या वस्तूंची सुरक्षा सहसा कच्ची असते.

राउटर हा छोटा संगणकच आहे, त्यालाही अपडेट लागतात. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी डब्ल्यूपीए-२ मधली एक गंभीर त्रुटी दाखवून दिली, ती अपडेटनेच बुजली. २०१८ च्या मे महिन्यात ५४ देशांतल्या किमान ५ लाख राउटरमध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा प्रोग्रॅम शिरल्याचं उघड झालं, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून चालू करायचं आवाहन केलं. आतल्या पानावर ‘फर्मवेअर अपडेट’ असतं, तिथे ते आपोआप व्हायचा पर्याय असेल तर सुरू करा. कंपनीने अपडेट देणं थांबवलेला राउटर दिसायला धडधाकट असला तरी बदलायला हवा. नेट देणाऱ्याने दिलेल्या डब्यात काही सेटिंग कुलूपबंद असतात, त्याबद्दल त्यांना फोन करून विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

आणि एक सावधगिरी. मागचं बारीक भोक टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबलं की राउटर कोरा होतो. फायबरच्या डब्यावर हे उगाच करू नका. जोडणीची माहितीही पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. मी स्वतः एकदा असं करून दोन दिवस नेटशिवाय बसलो आहे. पण तुमच्या मालकीचा जुना राउटर भंगारवाल्याला देताना मात्र हे भोक आठवणीने दाबाच. नाहीतर तुमचा पासवर्ड तुमच्या रद्दीबरोबर जातो.

वायफायचा पासवर्ड बदलला की घरातली सगळी उपकरणं तुटतात आणि एकेक पुन्हा जोडावी लागतात, म्हणून हे काम रविवारी सकाळी निवांत करा. आतल्या पानाचा पासवर्ड बदलायला मात्र पाच मिनिटंही लागत नाहीत आणि कोणाचं काही अडत नाही. तेवढं आजच करा. राउटर उलटा करून लेबल वाचण्यापासून सुरुवात करा.